चंद्र डांबरासारखा काळा आहे

मराठी कवितेने चंद्राची जेवढी बेइज्जती केली तेवढी राहूनेसुद्धा केली नसेल. चंद्र म्हणजे दूध, चंद्र म्हणजे कापूर, चंद्र म्हणजे चांदीचं ताट, चंद्र म्हणजे गोऱ्या घरातल्या गोऱ्या पोरीचं तोंड. पिढ्यान् पिढ्या ही मंडळी माडीवर बसून त्याला चाटतायत. पोरगी काळी निघाली की ह्यांचा चंद्र ढगाआड. गोरी निघाली की चंद्रमुखी.

माझं म्हणणं सरळ आहे. ह्या लोकांनी चंद्र पाहिलेला नाही. चंद्र गोरा नाही, चांदीचाही नाही. त्याच्यावर पडलेल्या उन्हातला जेमतेम १२ टक्के उजेड तो परत फेकतो. जुन्या डांबरी रस्त्याचं मापही साधारण तेवढंच. तो चमकतो तो आजूबाजूचं आकाश ठार काळं आहे म्हणून, आणि भर उन्हात उभा आहे म्हणून. उन्हात उभा राहिलेला काळा दगड. एवढंच. आणि एवढं पुष्कळ आहे.

हे मी नुसतं पुस्तकात वाचून लिहीत नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची वस्ती आहे. घरामागं परस. एक शेवगा, पाण्याची टाकी, दोरीवरची धुणी, पलीकडं शेजाऱ्याचे पत्रे. तिथं मी दुर्बीण लावतो. दुकानातून आणलेली नाही. सहा इंचाचा आरसा पुण्याच्या एका शिबिरात स्वतःच्या हाताने घासला. खाली काच, वर काच, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि त्यावर माणसाचे दोन हात. पुढं, मागं, थोडं वळव; पुढं, मागं, थोडं वळव. दिवसच्या दिवस. जात्यावर बसलेल्या बाईला हे काम शिकवावं लागणार नाही. शेवटी त्या काचेचा खड्डा इतका नेमका होतो की केसाच्या जाडीच्या शेकडोव्या भागाएवढी चूकसुद्धा तपासणीत दिसते. ज्या हातांना ह्या देशाने अडाणी म्हटलं त्या हातांचं हे काम आहे. नळी म्हणून पीव्हीसीचा पाइप. खालचा लाकडी डबा वस्तीतल्याच सुताराने ठोकून दिला.

परवाच्या शुद्ध अष्टमीला ही दुर्बीण परसात काढली. अष्टमी मुद्दाम. पौर्णिमेचा चंद्र कवींना लखलाभ. दुर्बिणीला तो बिनकामाचा, कारण पौर्णिमा म्हणजे चंद्रावरची भर दुपार. ऊन डोक्यावर, सावली गायब, सगळं सपाट. अष्टमीला चंद्राच्या मधोमध उजेड आणि अंधाराची सीमा असते. तिथं ऊन तिरपं पडतं, सावल्या लांब होतात, आणि खड्डा खड्डा दिसतो, डोंगर डोंगर दिसतो. सूर्य मावळताना तो जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे पोरांना रात्री जागवायलाही नको. आणखी एक गोष्ट. तारे बघायला गावाबाहेर अंधारात जावं लागतं. चंद्राला अंधार लागत नाही. नाक्यावरच्या दिव्याखालून, गटाराशेजारून, झोपडपट्टीतून, कुठूनही तो तेवढाच दिसतो. बंगल्याच्या गच्चीवरून जास्त दिसत नाही.

पोरं आधी आली. मग बाया आल्या. मग गडी, ‘काय चाललंय’ म्हणत, मागं हात बांधून. आधी ४८ पटीचं भिंग लावलं, मग १२० पटीचं. दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो, वरचं खाली आणि खालचं वर. त्यावर एकाची प्रतिक्रिया अशी की निदान इथं तरी वरचे खाली आले. पत्र्यांतून दिवसाची ऊब उठत होती, त्यामुळं चंद्र पाण्यात पडलेल्या रुपयासारखा हलत होता. शिवाय तो थांबत नाही. पृथ्वी फिरते, आणि दर दोन मिनिटांत चंद्र आपल्या रुंदीएवढा सरकतो. नळीला सारखा बोटाने हलका धक्का द्यायचा. पृथ्वी फिरते हे पोरांनी शाळेत पाठ केलेलं. इथं ती पायाखाली फिरताना त्यांनी पकडली.

मग माझी आत्या आली. वय सत्तरीकडं झुकलेलं. १९७२च्या दुष्काळात ती पंधराएक वर्षांची होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एक डोळा मिटता येईना, म्हणून पदराने झाकला. बराच वेळ काही बोलली नाही. मी म्हटलं, “आत्या, काय दिसतंय?”

“आरं लेकरा, ही तर खदान हाय की.”

मग म्हणाली, “ह्यो बघ, ह्यो सुरुंगाचा खड्डा. दगड कसा कडंला भायेर फेकलाय. आपुआप ढासळलेला न्हाई ह्यो. फुटलेला हाय.”

ती बघत होती ते सीमेवरचे तीन मोठे खड्डे, एकाशेजारी एक. टॉलेमेयस, अल्फोन्सस, अर्झाकेल अशी त्यांची नावं. ह्यातला सगळ्यात लहान अर्झाकेल, तोही शंभरेक किलोमीटर रुंद. आपला अख्खा लातूर जिल्हा त्यात मावेल. हे खड्डे ज्वालामुखीने झाले की बाहेरून काही आदळून, ह्यावर पंडितांची भांडणं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली होती. बहुतेकांचं मत ज्वालामुखीच्या बाजूने होतं. १९६०च्या सुमारास युजीन शूमेकर ह्या भूशास्त्रज्ञाने नेवाडातल्या अणुस्फोटाच्या खड्ड्यांशी तुलना करून ॲरिझोनातला मोठा खड्डा आघाताचाच असल्याचं दाखवलं. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने आलेला दगड जमिनीत नुसता रुतत नाही, त्याचा स्फोट होतो. म्हणून तो तिरपा आला तरी खड्डा बहुधा गोलच होतो. म्हणजे सुरुंगच. माझ्या आत्याने विज्ञानाचा शोध लावला असा माझा दावा नाही. पण ज्याने दगड फोडलाय त्याला फुटलेला दगड ओळखता येतो, आणि ज्याने फक्त कविता फोडलीय त्याला येत नाही, एवढं मी छातीठोकपणे म्हणतो.

ह्या दगडाची गोष्ट इथंच संपत नाही. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, ज्यांना कुणी ससा म्हटलं, कुणी हरीण, कुणी कलंक, ती पसरलेल्या आणि थिजलेल्या लाव्हाची मैदानं आहेत. दगड बेसाल्ट. आपण त्याला काळा फत्तर म्हणतो. आपला अख्खा दख्खन त्याचाच. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, चंद्रावरचा बहुतेक तीनशे कोटींहून जुना, पण जात एक. (दगडाला जात असते. तेवढी एक जात मला मान्य आहे.) बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे ह्याच काळ्या फत्तरात आघाताने पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. पुराणिकांनी तिथं लवणासुर मारला. १९७३मध्ये शास्त्रज्ञांनी तिथला दगड तपासून आघाताचा पुरावा छापला, आणि चंद्रावरच्या खड्ड्यांशी ताडून बघायला ते लोणारकडं वळले. ज्यांना चंद्र कसा असतो ते बघायचंय त्यांनी बुलढाण्याची यष्टी पकडावी.

आता १९७२चा हिशेब मांडू. त्या डिसेंबरात अपोलो १७ चंद्रावर उतरलं. सर्नन आणि श्मिट ही दोन माणसं हातोड्याने दगड फोडत होती, गोळा करत होती. ११० किलो दगड-माती घेऊन ती परतली. त्यानंतर आजतागायत चंद्रावर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. त्याच दुष्काळात इकडं माझी आत्या हातोड्याने दगड फोडत होती. त्यांचे दगड काचेच्या पेटीत, नायट्रोजनमध्ये जपून ठेवलेत. आत्याचे दगड रस्त्याखाली गेले. तिच्या पोटात गेली सुकडी, आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो. सर्नन जिथं उतरला ती दरी अष्टमीच्या उजेडात येते. मी आत्याला ती जागा दाखवली आणि हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्येंला रोज किती पडत हुता?”

ह्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही खगोलशास्त्राच्या पुस्तकात नाही. पण हा खगोलशास्त्राचाच प्रश्न आहे.

इथं आपले काही मित्र लगेच उठतात. म्हणतात, भाकर नाही आणि तुम्ही चंद्र बघता? हा प्रश्न जुना आहे. १५ जुलै १९६९ला, अपोलो ११ सुटायच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंगचा साथी राल्फ ॲबरनॅथी गरीब काळ्या कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला धडकला होता. खेचराची गाडी इकडं आणि रॉकेट तिकडं. त्याचा निषेध भुकेबद्दल होता. यानातल्या माणसांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना करायला तो तयार होता. चंद्र नको असं तो म्हणाला नाही. तुम्हाला एवढं येतं, मग पोरांना जेवू घालणं का येत नाही, हे त्याचं विचारणं. आपलंही तेच. ह्या देशाने २३ ऑगस्ट २०२३ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात यान अलगद उतरवलं. तिथं ह्याआधी कुणीच उतरलं नव्हतं. मला त्याचा आनंद झाला, मी तो लपवणार नाही. पण १९९३चा आणि २०१३चा असे दोन कायदे होऊनही ह्याच देशात माणूस गटारात उतरतो आणि मरतो. चार लाख किलोमीटरवर यंत्र उतरवणाऱ्यांना दहा फूट खाली यंत्र उतरवता येत नाही? येतं. उतरवायचं नाही. कारण खाली उतरणारी जात आयती मिळते.

म्हणून आधी भाकर की आधी चंद्र हा प्रश्नच खोटा आहे. ज्यांनी भाकर पळवली त्यांनीच चंद्रही पळवला. दोन्ही एकाच घरात दडवलेत. दोन्ही परत घ्यायचेत.

चंद्र कसा पळवला ते बघा. आकाशाची उतरंड लावून. वर शुद्ध, खाली अशुद्ध. युरोपात ॲरिस्टॉटलच्या नावाने हेच चाललं होतं. आकाशातले गोल निर्मळ, निष्कलंक, वेगळ्याच दिव्य पदार्थाचे, आणि माती, चिखल, कुजणं, मरणं हे सगळं पृथ्वीवर. १६०९च्या हिवाळ्यात गॅलिलिओने पदुआत आपली नळी चंद्राकडं वळवली. अंधाऱ्या भागात उजेडाचे सुटे ठिपके दिसले. ते हळूहळू वाढत गेले आणि उजेडाला मिळाले. त्याने ओळखलं, ही डोंगराची शिखरं आहेत. सकाळी आपल्याकडंही आधी डोंगरमाथ्याला ऊन लागतं, मग पायथ्याला. उजळलेली शिखरं उजेडाच्या सीमेपासून किती लांब आहेत ते मोजून त्याने डोंगरांची उंची काढली आणि मार्च १६१०मध्ये ते छापलं. चंद्र आपल्यासारखाच, खडबडीत, मातीचा. एका नळीने आकाशाचं सोवळं फेडलं. पदुआतलाच प्राध्यापक क्रेमोनीनी, त्याने दुर्बिणीतून बघायलाच नकार दिला. हे क्रेमोनीनी आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. पुरावा समोर ठेवा, डोळे मिटून घेतील आणि ग्रंथ काढतील.

आपल्याकडं तर आकाशालाही जात लावली. ग्रहण म्हणजे राहू-केतूने चंद्राला गिळणं, आणि राहू-केतू कोण? लोकांच्या समजुतीत मांगाच्या जातीचे. आकाशात सावली पडली तरी ती आमचीच! म्हणून ग्रहणाच्या रात्री मांग-महारांनी ‘दे दान सुटे गिराण’ ओरडत दारोदार फिरायचं. घरमालकाने फाटका कपडा, मूठभर धान्य लांबून टाकायचं. म्हणजे आमचा राहू चंद्राला सोडणार. ग्रहण सुटलं की सगळ्यांनी अंघोळी करायच्या, चंद्राला झालेला विटाळ धुवायचा. ३,४७४ किलोमीटर व्यासाच्या दगडाला विटाळ! दोस्तांनो, ह्या हरामखोरीची लांबी मोजा. चार लाख किलोमीटर.

आणि अज्ञान होतं म्हणून हे झालं असं कुणी सांगू नये. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास स्वच्छ लिहिलं होतं की चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने होतं. इ.स. ६२८मध्ये ब्रह्मगुप्ताने त्याला त्याबद्दल दोष दिला, की राहूला नाकारणं हे वेद-स्मृतींच्या विरुद्ध. ब्रह्मगुप्त मूर्ख नव्हता. सावलीचं गणित त्याला चोख येत होतं. पण गणित घरात ठेवायचं आणि राहू गावात सोडायचा, हा धंदा. सावलीचं दान कुणी कुणाला देत नाही. राहूचं देतात. ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, सगळ्या भारतातून दिसलं, ८२ मिनिटं चंद्र तांब्यासारखा लाल होता. पृथ्वीच्या हवेतून गाळून गेलेला, सगळ्या सूर्योदय-सूर्यास्तांचा तांबडा उजेड त्याच्यावर पडतो म्हणून तो लाल दिसतो. आमच्या वस्तीतली पोटुशी पोरगी मात्र त्या रात्री दार-खिडकी लावून, हालचाल न करता, पाणीही न पिता आत पडून होती. तिला कोंडणारे बामण नव्हते. आपलेच होते. हे लिहायला मला लाज वाटते, म्हणूनच लिहितो. राहूची जात नाकारली पण राहू ठेवला, तर काय नाकारलं?

तसंच चतुर्थीचं. भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये, चोरीचा आळ येतो म्हणे. माझ्या पारधी भावांना विचारा. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, १९५२मध्ये त्या यादीतून सुटल्या, आणि अजून गावात कोंबडी हरवली की पोलीस आधी पालावर येतात. त्यांच्यावर चंद्र न बघताच आळ येतो. आणि दुर्बिणीच्या दृष्टीने चतुर्थीची संध्याकाळ म्हणजे मेजवानी. बारीक कोर, कडेला लँग्रेनस आणि पेटाव्हियसचे प्रचंड खड्डे, आणि उरलेल्या अंधाऱ्या भागावर पृथ्वीवरून परतलेला मंद राखाडी उजेड. नेमकं हेच बघू नका म्हणतात. आम्ही बघणार.

चंद्रावरची नावंही वाचावीत. १६५१मध्ये रिच्चोली ह्या पाद्र्याने खड्ड्यांना पंडितांची नावं द्यायची पद्धत पाडली. ती अजून चालते. त्या यादीत मेघनाद साहा आहे. ढाक्याजवळच्या खेड्यातला, छोट्या दुकानदाराचा पोरगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात वरच्या जातीच्या पोरांनी त्याच्याबरोबर जेवायला हरकत घेतली. त्याच साहाने १९२०मध्ये ताऱ्यांच्या उजेडावरून त्यांचं तापमान वाचायचं समीकरण जगाला दिलं. सगळं काही वेदांत आहे म्हणणाऱ्यांना त्याने आयुष्यभर झोडपलं. त्याच्या नावाचं विवर चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे. पूर्वेच्या कडेच्या थोडं पुढं, इथून कधीच न दिसणारं. वसतिगृहातही त्याचं ताट असंच नजरेआड होतं. आणि २०२३चं यान उतरलं त्या जागेचं नाव काय ठेवलं? ‘शिवशक्ती’. सरळ गणिताने उतरवलेलं यंत्र, आणि बारशाला पुराण! साहा चंद्राच्या पाठीमागं, पुराण समोर. उतरंड तिथंही पोचली.

तेव्हा करायचं काय? जॉन डॉब्सन नावाचा एक माणूस होऊन गेला. १९४४ ते १९६७ तो वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होता. तिथं चोरून दुर्बिणी बनवायचा. भंगारातल्या जहाजाच्या खिडक्यांच्या काचा घासून आरसे, पुठ्ठ्याची नळी, लाकडी डबा. मठाने १९६७मध्ये त्याला बाहेर काढलं. त्याने दुर्बीण फुटपाथवर मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारू लागला, या, चंद्र बघा. १९६८मध्ये त्यातून फुटपाथवरच्या खगोलवाल्यांची संघटना उभी राहिली. आज जगभर गरीब दुर्बीणवाले ज्या लाकडी डब्यावर नळी ठेवतात त्याला त्याचंच नाव आहे. माझ्या परसातला डबा त्याच घराण्यातला. वेदान्त मठात राहिला. चंद्र फुटपाथवर आला.

परसात दुर्बीण ठेवणं म्हणजेही दडवणंच. म्हणून पुढच्या शुद्ध अष्टमीपासून ती वस्तीच्या नाक्यावर लागेल. इतर गावांतल्या शाखांना माझं सांगणं एवढंच आहे. पौर्णिमेला आपण विहारात जमतो, अष्टमीला नाक्यावर जमा. दुर्बीण नसेल तर साधी दुडोळी नळी भिंतीला टेकवून धरा, मोठे खड्डे तिच्यातूनही दिसतात. नारळ फोडू नका, फीत कापू नका, पाहुणा बोलवू नका. रांगेत आधी बाया, मग पोरं. पोरांसाठी पाटा किंवा डबा ठेवा. ग्रहण असेल त्या रात्री पोटुशा पोरींना पहिला नंबर. कुणाला काही शिकवू नका. प्रत्येकाला एकच विचारा, काय दिसलं? आणि ज्या शब्दांत उत्तर येईल त्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. खदान म्हटलं तर खदान लिहा. रोज किती पडत होता असं विचारलं तर तेही लिहा.

त्या वह्या इकडं पाठवा. पुढच्या अंकात पहिली पानं त्यांची. कविता मागं जागा उरली तर.